लातूरची फांदी आणि किनवटचा साग

लातूर आणि नांदेड हे दोन जिल्हे एकमेकांना खेटून असले, दोन्ही मुलूख १९४८ साली निजामी अमलाखालून एकाच वेळी मोकळे झाले असले, आणि दोहोंचा बाजार, सोयरसंबंध व बोली आजही परस्परांत मिसळलेली असली, तरी वृक्षसंपत्तीच्या बाबतीत त्यांच्यात जे अंतर पडले आहे ते पाहून परक्या माणसाने हे दोन निराळे प्रांत समजावेत. ७१५७ चौरस किलोमीटरांच्या लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्काही भरत नाही. वनांच्या बाबतीत इतका दरिद्री जिल्हा साऱ्या महाराष्ट्रात शोधूनच काढावा लागेल. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस मात्र पैनगंगेच्या आश्रयाने माहूर आणि किनवट हे तालुके पसरले आहेत, आणि तेथे साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, सालई, बिबा यांचे खरेखुरे पानगळीचे अरण्य अद्याप उभे आहे. किनवट तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रानाचा स्वभाव गोदाकाठच्या काळ्या जमिनीपेक्षा तेलंगणाच्या डोंगरांशी अधिक का जुळतो याचा उलगडा होतो.

लातूर शहरात झाडांवर चढून फांद्या उतरवणाऱ्या मजुराने पोटासाठी किनवटची वाट धरली, किंवा नांदेडच्या वसाहतींतून छाटणीची उक्ती कामे घेणाऱ्या इसमाने जंगलाच्या हजेरीपटावर आपले नाव चढवले, तर पाहणाऱ्याला त्यात व्यवसायांतर झाले असे सहसा वाटत नाही. कुऱ्हाड तीच, करवत तीच, दोर तोच, आणि झाड तर कोठेही झाडच. वस्तुतः हे दोन व्यवसाय हत्यारांपुरते सख्खे आणि हेतूने जवळजवळ परके आहेत. शहरातील कारागीर एक झाड वाचावे म्हणून त्याची फांदी कापतो; जंगलातील मजूर रान टिकावे म्हणून अख्खे झाड कापतो. एकातून दुसऱ्यात जाणाऱ्याच्या हाताला नवे शिकण्यासारखे फारसे नसते, परंतु त्याची नजर मात्र मुळापासून बदलावी लागते, आणि मजुरीचा हिशोब तर त्याहूनही अधिक बदलतो. या बदलाचे स्वरूप काय आणि तो पत्करावा की नाही, एवढ्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शहरातील धंदा पाहू. वृक्षशल्यचिकित्सा असे भारदस्त नाव आपण त्याला देऊ शकतो, आणि पाश्चात्य देशांत त्या नावाला शोभेल असे शास्त्र व दाखलेही आहेत. परंतु मराठवाड्यातील शहरांत हा धंदा ज्याच्या खांद्यावर दोर आणि ज्याच्या काळजात चढण्याचे धैर्य त्याचा, एवढाच त्याचा कायदा. मे महिन्यात वळवाचा पाऊस आणि वादळे यांची चाहूल लागली की तारांना भिडलेल्या फांद्या उतरवण्याची घाई उडते; वायरमन खाली उभा राहतो, लाइन बंद केली जाते, आणि गुलमोहर, लिंब, सुबाभूळ, काशीद यांच्या फांद्या रस्त्यावर येऊन पडतात. उरलेल्या वर्षात घरमालकांची कामे असतात. कोणाच्या भिंतीत पिंपळाने मूळ घातले आहे, कोणाच्या पत्र्यावर चिंचेचे वाळके लाकूड झुकले आहे, कोणाला नुसताच उजेड हवा आहे. मोबदला बहुधा उक्ता ठरतो, आणि पुष्कळदा तो रोख नसतोच. पडलेले लाकूड छाटणाऱ्याने न्यावे आणि वखारीला किंवा वीटभट्टीला विकून आपली मजुरी सोडवावी, असा तोंडी करार होतो. या कराराचा दोष उघड आहे. ज्याची मजुरी लाकडाच्या वजनात मोजली जाते त्याच्याकडून हलक्या हाताच्या छाटणीची अपेक्षा करणे म्हणजे माणसाच्या सद्गुणावर नको इतका भार टाकणे होय.

वास्तविक झाड तोडण्याच्या बाबतीत शहरांना १९७५ चा कायदा लागू आहे. महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम या त्याच्या लांबलचक नावाखाली प्रत्येक नगरपालिकेने व महानगरपालिकेने वृक्ष प्राधिकरण स्थापावे, वृक्ष अधिकारी नेमावा, ठराविक मुदतीने वृक्षगणना करावी आणि परवानगीवाचून झाड तोडू देऊ नये, अशी तजवीज आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला, आणि जे झाड तोडावे लागेल त्याच्या वयाच्या वर्षांइतकी रोपे लावण्याचे बंधन घातले. ज्या लातूर शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे साठ वर्षांच्या एका लिंबाऐवजी साठ रोपे जगवायची म्हणजे किती पाणी लागेल, याचा हिशोब कायदा करणाऱ्यांनी केला असेलच असे म्हणवत नाही. तेव्हा असलेले झाड नीट छाटून टिकवणे हाच तेथील शहाणपणाचा मार्ग, आणि म्हणूनच छाटणीचे शास्त्र थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

माणसाच्या कातडीवरील जखम भरून येते तशी झाडाची जखम कधीही भरून येत नाही. तुटलेल्या जागचे लाकूड पुन्हा जिवंत होत नाही. झाड फक्त त्या जागेला आतून बंदिस्त करते आणि बाहेरून नव्या लाकडाचा व सालीचा थर तिच्यावर चढवीत जाते. या प्रक्रियेचा पाया अमेरिकेच्या वनसेवेतील अॅलेक्स शिगो या शास्त्रज्ञाने घातला. त्याने चेनसॉने हजारो झाडांची खोडे उभी चिरून त्यांच्या आतील जुन्या जखमांचा इतिहास वाचला, आणि १९७० च्या दशकात असा सिद्धान्त मांडला की जखमेभोवती झाड चार भिंती उभारते: एक वरखाली, एक गाभ्याकडे, एक बाजूंना आणि चौथी, सर्वांत बळकट, जखमेनंतर जे नवे लाकूड तयार होते त्याच्या आणि जुन्या लाकडाच्या मध्ये. कुजणे पहिल्या तीन भिंती ओलांडू शकते, चौथी सहसा ओलांडत नाही. म्हणूनच आतून पोकळ झालेला जुना वड किंवा चिंच पिढ्यान्‌पिढ्या हिरवी राहू शकते. शिगो वनखात्याचा नोकर होता, परंतु त्याच्या संशोधनाचा लाभ वनांपेक्षा शहरांतील वृक्षवैद्यांनी अधिक घेतला, हा योगायोग आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या सिद्धान्तातून छाटणीचे जे नियम निघाले ते साधे आहेत आणि आपल्याकडे रोज मोडले जातात. फांदी खोडाला मिळते तेथे एक फुगीर कडे असते. त्या कड्यातच जखम बंदिस्त करण्याची सामग्री साठवलेली असते. कड्याच्या आत, खोडाशी सपाट कापले तर ती सामग्रीच नाहीशी होते आणि कीड थेट खोडात शिरते. कड्यापासून फार दूर कापले तर राहिलेला खुंट वाळतो, सडतो, आणि झाडाला तो ओलांडून वाढता येत नाही. जड फांदी एकाच घावात तोडली तर ती खाली जाताना खोडाची साल हातभर सोलून नेते. याकरिता प्रथम कड्यापासून काही अंतरावर खालून एक काप, मग थोडे पुढे वरून दुसरा, आणि भार उतरल्यावर कड्यालगत तिसरा, असे तीन काप घ्यावेत. जखमेवर डांबर फासणे किंवा पोकळीत सिमेंट भरणे या दोन्ही गोष्टी शिगोने निरुपयोगी, किंबहुना अपायकारक ठरवल्या. परंतु सर्वांत मोठा अपराध म्हणजे शेंडा उडवून झाडाचे मुंडण करणे. त्यानंतर कापलेल्या टोकांशी जे फुटवे येतात ते लाकडाच्या गाभ्याला जोडलेले नसून वरच्या थरालाच चिकटलेले असतात, त्यामुळे काही वर्षांनी तेच सर्वांआधी वाऱ्याने मोडून खाली येतात. मुंडणाने झाड सुरक्षित होते अशी समजूत करून घेणारा घरमालक, पुढच्या अपघाताची बेगमी स्वतःच्या पैशांनी करीत असतो.

आता हा कारागीर जंगलात गेला असे समजा. पहिल्याच दिवशी त्याला जाणवेल की ज्या कौशल्याबद्दल शहरात त्याला मोबदला मिळत होता त्याची येथे कोणी विचारपूस करीत नाही. शहरात झाड वरून खाली, तुकड्या-तुकड्याने उतरवावे लागते, कारण खाली भिंत असते, तार असते, शेजाऱ्याची गाडी असते; प्रत्येक ओंडका दोरावर तोलून धरावा लागतो. जंगलात झाड बुंध्यापासून एकसंध पाडतात. ज्या दिशेला पाडायचे त्या बाजूस बुंध्यात पाचरीच्या आकाराची खाच घ्यायची, मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या थोडे वर, मागचा काप घ्यायचा, आणि दोहोंच्या मध्ये लाकडाची एक अरुंद पट्टी न कापता ठेवायची. झाड त्या पट्टीवर वळून ठरल्या जागी पडते. पट्टी सगळी कापली गेली की झाड कोठे जाईल हे मग त्या झाडालाच ठाऊक. शहरातील चढाऊ माणसाची मोठी भीती विजेची. रानातली भीती निराळी. पडताना शेजारच्या झाडात अडकून राहिलेले झाड, वाकलेल्या खोडातला ताण एकदम सुटून उसळणारे लाकूड, वरून निखळणारी वाळकी फांदी, आणि उंच ऐनाच्या फांदीखाली लटकलेले आग्या मोहोळ. या शेवटच्या संकटापुढे अनुभवी तोड्याही हत्यारे टाकून पळतो, आणि त्यात कमीपणा मानीत नाही.

परंतु हे सगळे अखेर हाताचे शिक्षण झाले, आणि हात लवकर शिकतो. खरी अडचण झाडाकडे पाहण्याची. शहरात ज्या झाडाखाली तो उभा असतो तेच त्याचे संपूर्ण जग. त्या झाडाचे वय, रोग, झुकाव, मालकाचा जीव, यांहून पलीकडे पाहण्याचे त्याला कारण नसते. जंगलात मात्र एकेका झाडाला स्वतंत्र अस्तित्वच नाही. तेथील एकक कूप आहे. जंगलाचे तुकडे पाडून त्यांना क्रमांक द्यायचे, दरवर्षी एक कूप तोडीला घ्यायचा, आणि शेवटचा कूप तोडून होईतो पहिला पुन्हा उभा राहावा अशी वर्षांची फेरी आखायची, ही कल्पना युरोपातून आली. सॅक्सनीच्या खाणींना लागणारे लाकूड संपत चालले तेव्हा हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३ साली, जितके वाढते तितकेच तोडावे, हा विचार ग्रंथरूपाने मांडला; पुढे डिट्रिख ब्रँडिस हा जर्मन गृहस्थ १८६४ साली हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला आणि त्याच्याबरोबर हे कूपांचे गणित आपल्या रानांत शिरले. आजही प्रत्येक वनविभागाची कार्य आयोजना असते, आणि १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातील हुकुमानंतर तर केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेवाचून वनातील झाडाला कुऱ्हाड लावता येत नाही.

त्या आयोजनेनुसार झाड तोडायचे की नाही हे तोड्या ठरवीत नाही. त्याच्या आधी वनपाल आणि वनरक्षक, ज्याला आपल्या भागात जुनी माणसे अजून नाकेदार म्हणतात, कूपातून फिरून जातात, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजतात, वहीत क्रमांक टिपतात, आणि तोडीसाठी निवडलेल्या झाडावर हातोड्याने ठसा उमटवतात. हा ठसा बुंध्याशी, तोडीच्या रेषेखालीही घेतात, आणि ही बारीकशी गोष्ट माझ्या मते साऱ्या वनव्यवस्थेतील सर्वांत चतुर युक्ती आहे. झाड पडून, ओंडके होऊन, रवन्न्यासह, म्हणजे वाहतूक परवान्यासह, विक्री आगारात पोहोचून लिलावात विकले गेले तरी खुंटावरचा ठसा रानात राहतो; महिन्यांनी कोणी साहेब तपासणीला आला तर ठसा असलेला खुंट सरकारी तोडीचा आणि नसलेला चोरीचा, हे त्याला चालता चालता समजते. शहरातील छाटणाऱ्याला खुंट हा घरमालकाच्या अंगणातला ओंगळ अवशेष वाटतो आणि तो उपटून टाकण्याचेही तो पैसे घेतो. येथे खुंट हाच दस्तऐवज. त्याला हात लावणारा गुन्ह्यात सापडतो.

शिवाय सागाचा खुंट मेलेला नसतो. साग तोडल्यानंतर बुंध्यातून जोमाने फुटवे येतात, म्हणून तोड जमिनीलगत, गुळगुळीत, साल न फाटू देता आणि पाणी साचणार नाही अशा उताराने घ्यावी लागते. लातूरला ज्या फुटव्यांना आपण दोष मानला तेच किनवटला पुढील पिढीचे पीक होतात. फरक एवढाच की शेंड्यावरचा फुटवा उंच जागी, कमकुवत सांध्यावर लोंबतो, आणि जमिनीलगतचा फुटवा मुळांच्या तयार भांडवलावर सरळ उभा राहतो. हाच प्रकार तेंदूच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसतो. विडीची पाने देणाऱ्या तेंदूची झुडपे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कापून काढतात, या कापणीला खुटकटाई म्हणतात. त्या घावातून उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात जी कोवळी, मोठी, मऊ पाने फुटतात तीच बाजारात चालतात. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांचे प्रमाणित पोते, असा महाराष्ट्रातील हिशोब आहे, आणि उन्हाळ्याच्या त्या थोड्या दिवसांत किनवट-माहूरच्या पाड्यांतली लहानथोर माणसे पहाटेपासून रानात असतात. जखम करून झाडाकडून पाने वसूल करण्याचा हा उद्योग वृक्षवैद्याच्या नीतीशी जुळणारा नाही. वनाच्या अर्थशास्त्रात मात्र त्याला पूर्ण मान्यता आहे.

लागवडीच्या सागात तर नवख्या माणसाची आणखी कठोर परीक्षा होते. पाळीपाळीने भिजवून व वाळवून तयार केलेले सागाचे बी गादीवाफ्यांवर पेरतात, वर्षाची रोपे उपटून त्यांचा शेंडा आणि मुळाचे टोक छाटतात, आणि अंगठ्याएवढ्या जाडीच्या ज्या काड्या उरतात त्यांना सागजड्या म्हणतात. पहिल्या पावसाबरोबर पहारीने भोक पाडून या जड्या दोन-दोन मीटरांवर लावल्या की हेक्टरी २५०० झाडे होतात. ती सगळी वाढवायची नसतात. काही वर्षांनी विरळणी येते, मग पुन्हा विरळणी, आणि प्रत्येक वेळी निरोगी, हिरवी, अजून कोवळी असलेली झाडेही केवळ शेजाऱ्याला उजेड मिळावा म्हणून पाडली जातात. अखेरच्या तोडीपर्यंत मूळ संख्येतील थोडाच हिस्सा उभा राहतो. ज्याने आयुष्यभर एकेक झाड वाचवले त्याला निरोगी झाड मारण्याचा हा हुकूम पचण्यास जड जातो, आणि जो हा हुकूम फार चटकन पचवतो त्याच्या हाती शहरातले झाड द्यावे की नाही याचा मी दोनदा विचार करीन.

आता पोटाचा प्रश्न. किनवटच्या रानातील मजुरीचा इतिहास सुखाचा नाही. निजामी राजवटीत राखीव जंगलाची हद्द वाढत गेली, गोंड व कोलाम आदिवासींच्या पोडूच्या, म्हणजे फिरत्या शेतीच्या, जमिनी तिच्यात ओढल्या गेल्या, आणि खालच्या वननोकरांच्या वेठीने व वसुलीने ही माणसे त्रासून गेली. त्या काळी किनवट ज्या जिल्ह्यात होते त्याच आदिलाबाद जिल्ह्यात जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचा नेता कुमराम भीम १९४० साली निजामाच्या पोलिसांशी लढताना मारला गेला. त्यानंतर सरकारने ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला या प्रदेशाच्या पाहणीवर नेमले. तरीही १३५५ फसलीचा, म्हणजे १९४५ च्या सुमाराचा, हैदराबादचा वन कायदा आला तो सरकारचा हक्क पक्का करीतच आला. मुंबई राज्यात त्याच सुमारास वारे निराळे होते. बाळासाहेब खेर यांच्या कारकीर्दीत १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. कूपांचा ठेका व्यापाऱ्याऐवजी मजुरांच्याच संस्थेला द्यावा आणि नफ्यात त्यांचा वाटा असावा, ही त्यांमागची कल्पना. मराठवाडा तेव्हा त्या राज्यात नव्हताच, त्यामुळे या चळवळीचा पहिला, उत्साहाचा काळ आपल्या मजुरांच्या वाट्याला आला नाही.

आज जंगलात जाणाऱ्या माणसापुढे वाटा मोजक्या आहेत आणि त्यांतील एकही रुंद नाही. वनरक्षकाची कायम नोकरी ही सर्वांत इज्जतीची. परंतु तिच्यासाठी सर्वसाधारण उमेदवाराला बारावीची पात्रता लागते, वयाची मर्यादा आहे, धावण्याची परीक्षा आहे, आणि पुरुष उमेदवाराला २५ किलोमीटर अंतर ४ तासांत चालून दाखवावे लागते. वीस वर्षे फांद्या उतरवलेल्या चाळिशीच्या माणसाला ते दार बंद आहे. त्याच्यासाठी उरते ती रोजंदारी: हिवाळ्यात कूपतोड, पंधरा फेब्रुवारीपासून पंधरा जूनपर्यंतच्या वणव्यांच्या हंगामासाठी जाळरेषा साफ करणे आणि अग्निरक्षक म्हणून राखण, उन्हाळ्यात खड्डे, पावसाळ्यात लागवड, मग निंदणी. काम वर्षभर आहे असे कागदावर दिसते. मजुराच्या हाती मात्र ते तुटकतुटक येते, आणि हजेरीचा पैसा कामाच्या पुष्कळ मागून येतो. शहरात तो स्वतःचा धनी होता, घरमालकाशी घासाघीस करू शकत होता, नको ते काम नाकारू शकत होता. येथे तो मुकादमाच्या वहीतील एक नाव होतो. १९७४ साली स्थापन झालेले वन विकास महामंडळ असो की खाते असो, मजुराच्या दृष्टीने त्याने फरक पडत नाही. वनहक्क कायद्याने मात्र एक नवी शक्यता निर्माण केली आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्काचा दाखला मिळाला आणि २०११ साली ग्रामसभेला आपल्याच बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार मिळाला. तेथे मजूर, मुकादम आणि मालक ही तिन्ही पदे एकाच सभेत आली. असे गाव ज्याच्या नशिबी असेल त्याने जंगलाकडे जरूर वळावे. परंतु हा हक्क त्या गावच्या रहिवाशाचा आहे. लातूरहून दोर घेऊन आलेल्या परक्याचा नव्हे.

तेव्हा लातूरच्या छाटणाऱ्याला माझा सल्ला विचाराल तर तो असा की वनकाम करायचे झाल्यास आधी आपल्याच जिल्ह्यात पाहावे, कारण वन नसले तरी वनकाम लातूरला येऊन पोहोचले आहे. शेतकऱ्याच्या बांधावरचा साग, आंबा, चिंच, जांभूळ तोडायचे तर १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याची सोळा जातींची यादी आडवी येते. अर्ज, पंचनामा, घेराची नोंद, ठसा, वाहतूक परवाना ही सगळी जंगलातलीच कार्यपद्धती शेतात उतरते, आणि ती नीट जाणणारा, शेतकऱ्याला खेटे घालायला न लावता काम पुरे करून देणारा तोड्या हव्याहव्यासारखा ठरतो. बांबूचे तर भाग्यच पालटले. २०१७ साली भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे खाजगी जमिनीवरील बांबूच्या तोडीला आणि वाहतुकीला वनखात्याच्या परवान्याची गरज उरली नाही. आणि औसा तालुक्यातील लोदगा येथून शेतकरी नेते पाशा पटेल यांनी बांबूलागवडीचा जो प्रचार चालवला आहे त्याने या कोरड्या जिल्ह्यात बांबूची बेटे दिसू लागली आहेत. बांबूच्या तोडीला झाडांच्या शल्यक्रियेइतकीच समज लागते. कोंब एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो, परंतु त्याचे लाकूड पक्के व्हायला तीन वर्षे लागतात. म्हणून एक-दोन वर्षांच्या काठ्या राखायच्या, जुन्याच काढायच्या, जमिनीलगतच्या पेराच्या किंचित वर, पाणी साचणार नाही असा काप घ्यायचा, पावसाळ्यात हात लावायचा नाही, आणि बेटाच्या पोटात शिरता यावे म्हणून एका बाजूने घोड्याच्या नालेच्या आकारात वाट उघडी ठेवायची. ज्याला वय ओळखता येत नाही तो भराभर बाहेरच्या, सोप्या, कोवळ्या काठ्या कापतो आणि चार वर्षांत बेट संपवतो.

राहिले किनवटचे रान. तेथे शहरी चढाऊ माणसाची खरी उणीव जर कोठे भासत असेल तर ती तोडीत नसून बीजसंकलनात आहे, आणि या गोष्टीकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. सागाचे फळ जमिनीवर पडते तेव्हा ते झाडून गोळा करता येते. परंतु बिजा, ऐन, धावडा यांची बीजे पंखवाली, ती पिकली की वाऱ्याबरोबर कोठच्या कोठे जातात, आणि जमिनीवर जी सापडतात ती नेमकी कोणत्या झाडाची हे सांगता येत नाही. रोपवाटिकेला तर उंच, सरळ, निरोगी अशा निवडक झाडांचेच बी हवे असते. साधा मजूर अशा झाडाखाली उभा राहून फांदी तोडून खाली पाडतो, आणि त्याबरोबर पुढच्या वर्षांचे बीही तोडतो. फांदी न मोडता, दोराच्या आधाराने शेंड्यापर्यंत जाऊन तयार फळे हाताने उतरवणारा माणूस हा लातूर-नांदेडच्या गल्ल्यांतच तयार झालेला आहे. या जातींची फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी उतरवण्याजोगी होतात, आणि शहरातील छाटणीची गर्दी त्यानंतर, वळवाच्या आधी उडते, त्यामुळे दोन्ही हंगाम एकाच माणसाला आपला धंदा न सोडता साधता येण्यासारखे आहेत. फक्त वनपरिक्षेत्राच्या मजुरीपत्रकात चढाईचा दर खोदाईच्या दराहून वेगळा धरला गेला पाहिजे.